शिक्कामोर्तब ते सुरक्षित दूरस्थ आज्ञा : दूरच्या प्रेषकाची ओळख पटविण्याचा सातारा-जावळी परिसरातील इतिहास

१. प्रस्तावना

दूर अंतरावरून आलेली आज्ञा पाळावी किंवा नाही, हा राज्यकारभारातील फार जुना प्रश्न आहे. आज्ञा देणारा समोर नसतो, त्याचा चेहरा दिसत नाही व आवाज ऐकू येत नाही. हाती असतो तो केवळ एक कागद आणि तो घेऊन आलेला जासूद. अशा वेळी कागद स्वीकारणाऱ्याला तीन गोष्टींची खातरजमा करावी लागते. कागद पाठविणारा खरोखर कोण आहे? त्याला ही आज्ञा देण्याचा अधिकार आहे काय? आणि वाटेत कागदात काही फेरफार झालेला नाही ना? मराठी दप्तरव्यवस्थेने या तीन प्रश्नांची जी उत्तरे शोधली ती ‘शिक्कामोर्तब’ या एका शब्दात आजही आपल्या भाषेत टिकून आहेत.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हाच प्रश्न संगणकशास्त्रासमोर नव्या रूपात उभा राहिला. एका संगणकावरील कार्यक्रमाने दूरच्या संगणकाकडून काम करवून घ्यावयाचे, तर त्या दूरच्या संगणकाने म्हणजे सर्व्हरने मागणी करणाऱ्याची ओळख कशी हस्तगत करावी व कशी तपासावी, याचा विचार ‘सुरक्षित दूरस्थ कार्यवाही’ या शाखेत झाला. इतिहास व संगणकशास्त्र या दोन विद्याशाखांचा संबंध सहसा जोडला जात नाही. परंतु दोहोंतील मूळ प्रश्न एकच असल्यामुळे एकीचा अभ्यास दुसरीला उपकारक ठरू शकतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी साताऱ्याचा परिसर, विशेषतः मेढा हे ज्याचे मुख्य ठिकाण आहे तो जावळीचा मुलूख निवडला आहे. चंद्रराव मोरे यांची जावळी, छत्रपतींची राजधानी सातारा आणि १८३९ मध्ये शिक्क्यांच्या वादात सापडून पदच्युत झालेले प्रतापसिंह महाराज, या तिन्ही प्रकरणांत ‘पत्र खरे कोणाचे?’ हा प्रश्न कळीचा आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) मराठी राजपत्रांत प्रेषकाची ओळख व मजकुराची शुद्धता सिद्ध करणाऱ्या साधनांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) संगणकीय दूरस्थ कार्यवाहीत सर्व्हर मागणीकर्त्याची ओळख कशी मिळवितो याचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) या दोहोंच्या प्रकाशात सातारच्या प्रतापसिंह प्रकरणाचे पुनर्वाचन करणे.
४) ऐतिहासिक कागदपत्रांच्या जतनासाठी यातून मिळणारा बोध नोंदविणे.

अभ्यासपद्धती ऐतिहासिक व तुलनात्मक आहे. तुलना करताना दोन काळांतील साम्य दाखविण्याइतकेच त्यांतील भेद नोंदविणेही आवश्यक मानले आहे.

३. मराठी राजपत्र : ओळखीचे अनेक पदर

मराठी राजपत्राकडे आज आपण प्रामुख्याने मजकुरासाठी पाहतो. तत्कालीन कारकुनाची दृष्टी निराळी होती. मजकूर वाचण्यापूर्वी तो पत्राची ठेवण पाही. पत्राच्या शिरोभागी शिक्का आहे काय, शेवटी मोर्तब आहे काय, कागदाच्या बंदांचे सांधे शाबूत आहेत काय, पाठीमागे दप्तराच्या नोंदी आहेत काय, हे पाहूनच आज्ञा अंमलात आणण्याचा विचार होई.

शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा सर्वपरिचित आहे. तिच्या जोडीला पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उमटविली जात असे. या दुसऱ्या मुद्रेचे कार्य पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे लिहिलेले काहीही मूळ पत्राचा भाग नव्हे, असा तिचा अर्थ होता. पहिली मुद्रा प्रेषकाची ओळख सांगे. दुसरी मजकुराचे रक्षण करी. पुढील काळातील ‘लेखनसीमा’, ‘लेखनावधि’ यांसारखी मोर्तबे याच परंपरेतील होत.

लांबलचक पत्र अनेक बंद एकाखाली एक चिकटवून तयार होई. मधला एखादा बंद काढून तेथे दुसरा घालणे लबाडाला अवघड नव्हते. यास्तव पाठीमागून सांध्यावर मोर्तब उमटवीत. अर्धे मोर्तब वरच्या बंदावर व अर्धे खालच्या बंदावर पडल्यामुळे एक बंद बदलला की ठसा तुटलेला दिसे. मजकुरातील फेरफार उघडकीस आणणारी ही साधी परंतु कल्पक योजना होती.

तिसरा पदर दप्तरी नोंदींचा. ‘रुजू’, ‘सुरूसूद’, ‘बारसूद’ या खुणा पत्र कोणकोणत्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून गेले व दप्तरी दाखल झाले हे दर्शवितात. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांच्या कर्तव्यांचा जो जाबता ठरला त्यात सचिवाने राजपत्रांचा शोध करून कमीअधिक अक्षर शुद्ध करावे व संमतीचे चिन्ह करावे, असे कर्तव्य सांगितले आहे. एका व्यक्तीच्या हाती शिक्का असला तरी केवळ तेवढ्याने राजपत्र पूर्ण होऊ नये, अनेक हातांची साक्ष त्यावर असावी, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

चौथा पदर हस्ताक्षराचा. पेशवेकाळातील अनेक पत्रांत मुख्य मजकूर कारकुनाने लिहिलेला असला तरी समाप्तीचे शब्द प्रेषकाच्या स्वतःच्या हातचे, म्हणजे ‘दस्तुरखुद्द’ असत. शिक्का चोरता येतो, हात चोरता येत नाही, हा व्यवहारी विचार त्यामागे होता.

पाचवा पदर काळाचा. पत्रावर ‘छ’ या संक्षेपाने चंद्राची तिथी असे आणि ज्या दप्तरात पत्र पोहोचे तेथे ‘पैवस्ती’ची तारीख टिपली जाई. पाठविल्याची व पोहोचल्याची तारीख ताडून पाहता पत्र वाटेत किती दिवस होते हे समजे. जुनी, रद्द झालेली आज्ञा पुन्हा पुढे करून लाभ उठविण्याचा प्रयत्न यामुळे ओळखता येई.

गावपातळीवर वतनाचा तंटा गोतसभेपुढे निवडला जाई तेव्हा महजर होई. त्यावर उपस्थितांच्या निशाण्या असत. लिहिता न येणारा शेतकरी नांगराची आकृती काढी, वाणी तराजूची. येथे ओळख मुद्रेने नव्हे तर समक्षतेने सिद्ध होत असे. जावळीसारख्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या मुलखात माणसे एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असल्याने ही पद्धत विश्वसनीय ठरे. अंतर वाढले, राज्य विस्तारले, की मात्र चेहऱ्याची जागा शिक्क्याला घ्यावी लागे.

४. अधिकाराचे हस्तांतर : साताऱ्याचा शिक्का, पुण्याची आज्ञा

ओळख आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. याचे उत्तम उदाहरण म्हणजे सातारा व पुणे यांतील संबंध. शाहू महाराजांच्या १७४९ मधील निधनानंतर प्रत्यक्ष सत्ता पुण्यास गेली, तरी पेशवेपदाची वस्त्रे व शिक्के-कट्यार साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत राहिली. पेशव्यांच्या मुद्रेत प्रथम छत्रपतींचे नाव व नंतर मुख्य प्रधानाचे नाव असे. मुद्रा पाहणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी एकाच वेळी समजत : आज्ञा देणारा कोण आणि कोणाच्या अधिकाराने देतो. नामधारी झालेल्या छत्रपतींचे नाव वगळण्याचे धाडस पेशव्यांनी केले नाही, याचे कारण केवळ परंपरेचा आदर हे नव्हते. ते नाव वगळले असते तर मुलखातील देशमुख, किल्लेदार व सरदार यांच्या दृष्टीने आज्ञेचे मूळच तुटले असते.

इनामपत्रांतील एक ठराविक कलम या दृष्टीने फार बोलके आहे. पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे आणि प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप करू नये, अशा आशयाची आज्ञा देशाधिकारी व गावकामगार यांना केलेली असे. पहिल्या वेळी पूर्ण सनद तपासावी, तिची नोंद आपल्या दप्तरी ठेवावी आणि पुढे त्या नोंदीवरूनच व्यवहार चालवावा, अशी ही व्यवस्था होती. मूळ सनद वारंवार प्रवासास न पाठविल्याने ती गहाळ होण्याचा धोका टळे व कामही लवकर उरके.

ओळखीचा पेच व्यक्तीविषयीच निर्माण झाल्याची उदाहरणेही साताऱ्याच्या इतिहासात आहेत. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज स्वराज्यात परतले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने ते तोतया असल्याचे प्रतिपादन केले. लहानपणी कैदेत गेलेल्या राजपुत्राला तरुणपणी ओळखणार कोण? येथे शिक्का उपयोगाचा नव्हता. जुन्या सेवकांची व सरदारांची साक्षच निर्णायक ठरली. खेडच्या लढाईनंतर १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. पानिपतानंतर उद्भवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने तर पेशवाईला काही वर्षे बेजार केले व अखेर १७७६ मध्ये त्यास देहदंड झाला.

५. दूरस्थ कार्यवाही आणि सर्व्हरपुढील प्रश्न

आता संगणकशास्त्राकडे वळू. एका यंत्रावरील कार्यक्रमाने दुसऱ्या यंत्रावरील कार्यपद्धती, जणू ती आपल्याच यंत्रावर आहे अशा सहजतेने वापरावी, या कल्पनेला झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांच्या १९८४ मधील शोधनिबंधाने सुस्पष्ट रूप दिले. त्याच सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपली दूरस्थ कार्यवाहीची पद्धती तयार केली व तिच्या आधारे जाळ्यावरून फायली वापरण्याची सोय निर्माण केली. १९८८ मध्ये या पद्धतीचे विवरण सार्वजनिक झाले.

या पद्धतीतील प्रत्येक मागणीसोबत दोन स्वतंत्र भाग जातात. पहिला ‘ओळखपत्रा’चा, म्हणजे मी अमुक आहे या कथनाचा. दुसरा ‘पडताळ्या’चा, म्हणजे त्या कथनाच्या पुराव्याचा. हे दोन भाग वेगळे ठेवण्यात मोठी दूरदृष्टी होती. परंतु प्रारंभी सर्वाधिक वापरात आलेल्या ‘ऑथ-युनिक्स’ या प्रकारात पडताळ्याचा भाग रिकामाच असे. मागणी करणारे यंत्र आपले नाव, वापरकर्त्याचा क्रमांक व त्याच्या गटांचे क्रमांक कळवी आणि सर्व्हर ते खरे मानी. दारावर येऊन कोणी ‘मी हुजुरातून आलो’ म्हणावे व द्वारपालाने त्याला आत सोडावे, तसाच हा प्रकार होय. सर्व यंत्रे एकाच विश्वासू संस्थेची असताना हे चालून जाई. जाळे विस्तारताच ते धोक्याचे ठरले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑथ-डेस’ हा सुरक्षित प्रकार आला. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार दोन्ही पक्ष एक सामाईक गुप्त किल्ली तयार करीत आणि त्या आधारे वेळेची नोंद कूटबद्ध करून पाठवीत. सर्व्हर ती उलगडून पाही. वेळ ठरलेल्या मुदतीबाहेरची असेल, अथवा पूर्वीच्या मागणीहून पुढची नसेल, तर मागणी नाकारली जाई. म्हणजे जुनीच मागणी पुन्हा पुढे करण्याचा मार्ग बंद झाला. पहिल्या खेपेस पूर्ण नाव तपासून झाल्यावर सर्व्हर मागणीकर्त्याला एक लघुनाम देई व पुढील मागण्यांत तेवढेच पुरे होई. प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करण्याच्या इनामपत्रातील कलमाशी याचे साम्य सहज लक्षात येते. या प्रकारातील गणिती संख्या मात्र १९२ बिटांची, म्हणजे अपुऱ्या लांबीची होती. १९९१ मध्ये ब्रायन लामाकिया व अँड्र्यू ऑडलिझ्को यांनी तिचे संरक्षण भेदता येते हे दाखवून दिले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा सप्टेंबर १९९७ मधील ‘आर.पी.सी.सेक-जी.एस.एस.’ या मानकाचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील अथेना प्रकल्पात विकसित झालेल्या ‘कर्बेरॉस’सारख्या यंत्रणा त्यात वापरता येतात. आरंभी मागणीकर्ता व सर्व्हर यांच्यात ओळखीची एक बैठक होते व तिचा एक संदर्भ सर्व्हर आपल्याकडे जतन करतो. पुढील प्रत्येक मागणीवर अनुक्रमांक असतो. संरक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत : केवळ ओळख, ओळखीसह मजकुराची अबाधितता, आणि या दोहोंसह गुप्तता. शिक्का, सांध्यावरील मोर्तब आणि मोहोरबंद थैली या तीन जुन्या उपायांशी या पायऱ्यांची तुलना करता येईल.

मागणी सर्व्हरवर पोहोचल्यानंतर सेवा देणाऱ्या कार्यक्रमाला मागणीकर्त्याची ओळख हस्तगत करावी लागते. सोलारिस प्रणालीत त्यासाठी एक स्वतंत्र कार्य उपलब्ध करण्यात आले. ते सर्व्हरला मुख्यतः दोन प्रकारची माहिती देते. पहिली मूळ ओळख : कोणत्या यंत्रणेने तपासणी झाली, मागणीकर्त्याचे अधिकृत नाव काय, सर्व्हरचे नाव काय व संरक्षणाची कोणती पायरी वापरली. दुसरी स्थानिक ओळख : त्या नावाला सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत कोणता वापरकर्ता-क्रमांक व कोणते गट लागू होतात. या दोन प्रकारांतील भेद मूलगामी आहे. मूळ ओळख सर्वत्र सारखी असते. स्थानिक ओळख त्या त्या सर्व्हरच्या नोंदीवर अवलंबून असते. साताऱ्याहून सनद घेऊन आलेल्या इसमाचे नाव सनदेत असले, तरी गावच्या दप्तरात त्याच्या नावे जमीन लागली आहे किंवा कसे हे कुलकर्ण्याच्या वहीवरूनच ठरे.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. ओळख पटली म्हणजे मागणी मान्य झाली असे नव्हे. सर्व्हरवरील कार्यक्रम ओळख हस्तगत करून, ती तपासून, मग हे काम या व्यक्तीसाठी करावे किंवा नाही याचा निर्णय स्वतः घेतो. ओळख देणारी यंत्रणा आणि निवाडा करणारा कार्यक्रम हे वेगळे राहतात.

६. प्रतापसिंह प्रकरण : पडताळ्याविना निवाडा

उपरोक्त विवेचनाच्या प्रकाशात सातारच्या राज्यावर ओढवलेल्या संकटाकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास राज्य दिले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने परराज्यांशी स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यास त्यांना मनाई झाली. या एका अटीमुळे पत्रव्यवहार हाच अपराध ठरू शकत होता आणि म्हणून पत्राची सत्यता हा राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला. कॅप्टन ग्रँट डफ १८२२ पर्यंत साताऱ्यास होता. प्रतापसिंहांनी शिक्षण, मुद्रण, रस्ते यांकडे लक्ष पुरविले. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता त्यांच्याच काळचा. मेढा व केळघरची वाट याच दिशेची.

१८३६ मध्ये हिंदी पलटणीतील अंमलदारांना फितविल्याच्या आरोपावरून चौकशी मंडळ नेमले गेले. त्यात विलोबी, ओव्हान्स आणि रेसिडेंट लॉडविक हे होते. महाबळेश्वर येथील एका प्रसिद्ध स्थळास ज्याचे नाव आहे तोच हा लॉडविक. पुढे ओव्हान्स साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि आरोपांत भर पडली. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचे दोन आरोप पुढे आले. या आरोपांचा आधार मुख्यतः कागदपत्रे व त्यांवरील शिक्के हाच होता.

प्रतापसिंहांच्या पक्षाचे म्हणणे असे की, हे शिक्के बनावट आहेत, कागद हितशत्रूंनी निर्माण केले आहेत, आणि ज्या पुराव्यावर निकाल द्यावयाचा तो महाराजांस दाखवून त्यांचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. महाराजांनी अपराध मान्य केल्यास राज्य राहील, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. महाराजांनी तो नाकारला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले व काशीस पाठविण्यात आले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला.

महाराज निर्दोष होते की सदोष, हा वाद येथे मिटविण्याचा हेतू नाही. प्रश्न निर्णयपद्धतीचा आहे. शिक्का ही ओळखीची खूण आहे. ती खूण कोणाच्या हातून उमटली याचा पडताळा स्वतंत्रपणे व्हावयास हवा. मराठी दप्तरव्यवस्थेत त्यासाठी दप्तरी नोंदी, संमतीची चिन्हे, दस्तुरखुद्द अक्षर, पाठविल्या-पोहोचल्याच्या तारखा असे अनेक पदर होते. परंतु गुप्त पत्रव्यवहाराचा आरोप असताना हे पदर नसणे हेच गुप्ततेचे लक्षण मानता येई. म्हणजे पुराव्याचा अभाव हाच पुरावा होऊन बसला. अशा वेळी उरणारा एकच न्याय्य मार्ग होता : ज्याच्या नावाचा शिक्का आहे त्यालाच कागद दाखवून त्याचे म्हणणे ऐकणे. सुरक्षित दूरस्थ कार्यवाहीत सर्व्हर मागणीकर्त्याला प्रतिसाद देऊन त्याची खात्री करतो व मागणीकर्ताही सर्व्हरची खात्री करून घेतो. ओळख परस्परांनी पटवायची असते. १८३९ च्या निर्णयात नेमका हाच दुतर्फी व्यवहार घडला नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजू लंडनमध्ये दिसते. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते तेथे गेले व १८५३ पर्यंत त्यांनी अथक प्रयत्न केले. जोसेफ ह्यूम व जॉर्ज थॉम्पसन यांसारख्यांचा पाठिंबा त्यांनी मिळविला. परंतु त्यांच्यापुढील पहिला अडसर आरोपांचा नव्हता, तर ओळखीचा होता. त्यांना अधिकृत वकील म्हणून मानण्यास कंपनीचे संचालक मंडळ राजी नव्हते. म्हणणे मुंबई सरकारमार्फतच यावे अशी भूमिका घेतली जाई. ज्या सरकारविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती ओळखीचा दाखला! अशिलाने दिलेले वकीलपत्र खरे असूनही ते निरुपयोगी ठरले, कारण ते मान्य करणे न करणे सर्वस्वी समोरच्या पक्षाच्या मर्जीवर होते. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपति आणि रंगो बापूजी’ या ग्रंथातून या लढ्याची कहाणी मराठी वाचकांसमोर ठेवली.

पुढे १८४८ मध्ये शहाजी महाराजांच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा झाले व जावळीचा मुलूख कंपनीच्या थेट अंमलाखाली आला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा दख्खन व दक्षिण मराठा मुलखातील असंख्य कुटुंबांवर आपल्या हक्कांचे कागद दाखविण्याची पाळी आली. पिढ्यान्‌पिढ्या दप्तरी नोंदीवर चाललेला व्यवहार आता मूळ सनदेच्या तराजूत तोलला जाऊ लागला. ज्या कुटुंबाची सनद वाळवीने खाल्ली त्याचा हक्कही तिच्याबरोबर गेला. नोंदीवर विसंबण्याची जुनी सवलत रद्द झाली; तिच्या जागी दुसरी विश्वासार्ह व्यवस्था मात्र लोकांच्या हाती आलेली नव्हती.

७. साम्य व भेद

दोन काळांतील साम्यावर फार भर देणे धोक्याचे आहे. शिक्का ही वस्तू आहे. ती चोरीस गेली तर जागा रिकामी दिसते. संगणकीय किल्ली ही संख्या आहे; तिची नक्कल झाली तरी मूळ जागच्या जागी राहते व मालकाला पत्ताही लागत नाही. शिक्क्याचा ठसा प्रत्येक पत्रावर सारखाच असतो, त्यामुळे तो पाहून नक्कल करता येते. संगणकीय पडताळा मजकुरागणिक व वेळेगणिक बदलतो. एका मागणीचा पडताळा दुसरीला लागू पडत नाही. हा भेद संगणकीय पद्धतीच्या बाजूचा आहे.

दुसरीकडे, मराठी दप्तरात पुराव्याचे पदर निरनिराळ्या माणसांच्या हाती विभागलेले होते. एक फितूर झाला तरी सर्वच ढासळत नसे. संगणकीय व्यवस्थेत ओळखीचा संपूर्ण भार अनेकदा एकाच मध्यवर्ती किल्लीकेंद्रावर येतो. ते केंद्र परहस्ते गेले की त्यावर विसंबलेले सर्व सर्व्हर एकाच वेळी फसतात.

८. जावळीची पत्रे आणि संशोधकाची जबाबदारी

इतिहासाचा अभ्यासक स्वतःही एका अर्थी आज्ञा स्वीकारणाऱ्याच्याच जागी उभा असतो. भूतकाळातून आलेला कागद त्याच्या हाती पडतो व त्यानेच प्रेषकाची ओळख पटवायची असते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. त्यापूर्वी महाराज व चंद्रराव यांच्यात झालेली म्हणून जी पत्रापत्री प्रसिद्ध आहे ती मोरे घराण्याच्या बखरीतून आपल्यापर्यंत पोहोचली. राजेपद कोणी मिरवावे, हा तिचा विषय. मजकूर आवेशपूर्ण आहे व लोकप्रियही झाला आहे. परंतु बखरीत मजकूर उरतो, शिक्का उरत नाही. सांध्यावरचे मोर्तब, दप्तरी खुणा, पैवस्ती यांपैकी काहीच उरत नाही. ओळखपत्र आहे पण पडताळा नाही, अशी ही स्थिती असल्यामुळे तिच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले यात नवल नाही.

आज जुन्या मोडी कागदांचे संगणकीय छायाचित्रण मोठ्या प्रमाणात होत आहे. मेढा, केळघर, बामणोली या भागांतील जुन्या घराण्यांकडेही कागदांची गाठोडी असणे संभवते. अशा कामात पुष्कळदा केवळ दर्शनी बाजूचे छायाचित्र घेतले जाते, कारण मजकूर तेथे असतो. परंतु पडताळा बहुतांशी पाठीमागे असतो. पाठीवरच्या नोंदी, सांध्यावरील मोर्तब, कागद कोणत्या गाठोड्यात कोणत्या कागदांबरोबर होता याची माहिती, हे सर्व टिपले गेले नाही तर आपण प्रत्येक अस्सल पत्राची बखर करून ठेवू. इतिहास व संगणकशास्त्र विभागांतील प्राध्यापकांनी एकत्र येऊन दोन्ही बाजूंची छायाचित्रे, सांध्यांची स्वतंत्र छायाचित्रे व मूळ क्रमाची नोंद यांचा आग्रह धरावा. छायाचित्राच्या फायलीलाही संगणकीय स्वाक्षरी जोडावी, म्हणजे पुढील पिढीस नकलेचा पडताळा घेता येईल.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून भारतात अंमलात आला व संगणकीय स्वाक्षरीला कायद्याची मान्यता मिळाली. २०१८ पासून महाराष्ट्रात संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. ज्या मुलखात सनदेचा शिक्का पाहून जमिनीचा हक्क ठरत होता, तेथे आता न दिसणाऱ्या गणिती मुद्रेवर तो ठरतो. ती मुद्रा तपासता येते हे उताऱ्याच्या धारकाला ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठी ती पूर्वीच्या लाखेच्या ठशाइतकीच गूढ राहील.

९. निष्कर्ष

१) मराठी दप्तरव्यवस्थेत प्रेषकाची ओळख, त्याचा अधिकार व मजकुराची शुद्धता या तिन्ही गोष्टींसाठी स्वतंत्र साधने होती आणि ती अनेक हातांत विभागलेली होती.
२) सुरक्षित दूरस्थ कार्यवाहीत ओळखपत्र व पडताळा हे दोन भाग वेगळे राखले गेले. पडताळ्याविना ओळखपत्र मानण्याची सुरुवातीची पद्धत जाळे वाढताच अपुरी ठरली.
३) मूळ ओळख व स्थानिक हक्क यांतील भेद सनद व गावदप्तर यांच्या संबंधातही होता आणि सर्व्हरवरही आहे.
४) १८३९ च्या सातारा प्रकरणात शिक्क्यांना पुराव्याचे मोल दिले गेले, पण ज्याच्या नावाचा शिक्का त्याला पडताळ्यात सहभागी करून घेतले गेले नाही. एका राज्याचे भवितव्य त्यामुळे अपुऱ्या खातरजमेवर ठरले.
५) ऐतिहासिक कागदांच्या संगणकीय जतनात मजकुराइतकेच ओळखीच्या खुणांचे जतन होणे अगत्याचे आहे.

ओळख मागणे हा सत्तेचा हक्क आहे, तसे ती न्याय्य रीतीने तपासणे हे सत्तेचे कर्तव्य आहे. शिक्का पाहणाऱ्याने शिक्क्यामागचा हातही पाहावा, एवढाच धडा काशीस गेलेल्या प्रतापसिंहांच्या आणि लंडनमध्ये तिष्ठत राहिलेल्या रंगो बापूजींच्या वाट्याला आलेल्या अनुभवातून घेता येतो.